धातूची झडप आणि रोजची गोळी

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या माझ्या दवाखान्यात हृदयाची झडप बदललेले पुष्कळ जण येतात. बहुतेकांना लहानपणी रुमॅटिक ताप येऊन गेलेला असतो. काहींच्या छातीत तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने घडवलेली चित्रा झडप असते, जी 1990 पासून रुग्णांना बसवली जाते. रात्री घर शांत झालं की तिची टिकटिक कानावर येते. जिना चढवतो, जेवण जातं, झोप लागते. मग माणूस म्हणतो, आता गोळी कशाला?

ती गोळी बंद करू नका. आज मला एवढंच सांगायचं आहे.

झडप म्हणजे दिवसाला लाखभर वेळा उघडमीट करणारं दार. धातू रक्ताला परका, त्यात बिजागरीपाशी रक्त रेंगाळतं आणि गुठळी धरते. असिट्रॉम किंवा वॉरफेरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी म्हणजे त्या बिजागरीचं रोजचं तेल. घरचं दार करकरलं की आपण तेल घालतो. इथे करकर ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. दार अडकतं, दम लागतो, नाहीतर गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जातो, तोंड वाकडं होतं, हात पडतो. टिकटिक बसल्यासारखी वाटली तरी थेट इस्पितळ गाठा. राहिलेलं तेल एकदम ओतूनही चालत नाही. काल चुकली म्हणून आज दोन गोळ्या घेऊ नका, रक्तस्राव होईल.

तेल किती हवं, हे रक्ततपासणीतला आयएनआर हा आकडा सांगतो. महाधमनीच्या झडपेला साधारण 2 ते 3, मायट्रलला 2.5 ते 3.5. तपासणीची वही हरवू देऊ नका. पालेभाज्यांनी आयएनआर हलतो. मस्सोप्पु, मेथी, पालक जरूर खा, पण दर आठवड्याला सारख्या बेताने. महिनाभर बंद आणि मग एकदम ताटभर, असं नको. दुखण्यावरची गोळी आपल्या मनाने नको.

तपासणीशिवायच्या नव्या गोळ्यांबद्दल विचारतात. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यातल्या डाबिगाट्रानची परदेशातली चाचणी 2012 साली थांबवावी लागली. गुठळ्याही जास्त, रक्तस्रावही जास्त.

पुन्हा सांगतो, दात काढायचा असला तरी गोळी परस्पर थांबवू नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. उपास असला तरी गोळी घ्याच.

आणि लेकीसुनांसाठी एक. झडप असलेल्या मुलीला मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा. पहिल्या तीन महिन्यांत वॉरफेरिनने बाळाला व्यंग येऊ शकतं, आणि नुसती बंद केली तर आईची झडप धोक्यात. मधली वाट इंजेक्शनची आहे, पण तिची मात्रा सारखी तपासून घ्यावी लागते.