पक्षियोद्ध्यांचें कुळ

एकेकानें एकेका पात्राची भूमिका घ्यावी आणि फांसे टाकीत कल्पित जगांत साहसें करावीं, असा खेळ हल्लींचे तरुण खेळतात. त्यासाठीं पक्ष्यांसारखी योद्धाजात रचतांना बहुतेक जण तिला पंख, चोंच नि तलवार देऊन मोकळे होतात. मग ती जात अजिंक्य होते, आणि खेळ नीरस!

वाल्मीकीनें तसें केलें नाहीं. त्याचा जटायु अरुणाचा पुत्र, गरुडाचा पुतण्या; पण साठ हजार वर्षांचा वृद्ध. तो रावणाचा रथ मोडतो, परंतु थकतो, आणि पंख तुटतांच कोसळतो. थोरला भाऊ संपाति तर त्याला सूर्यतापापासून वांचवितांना पूर्वींच पंख जाळून बसलेला.

या कुळाचें प्रत्यक्ष रूप रायगडच्या किनारपट्टींत, म्हसळा तालुक्यांतील चिरगांवीं पाहावें. तेथील पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचे पसरलेले पंख सहा फुटांहून अधिक भरतात. पण देह जड, म्हणून ऊन तापून हवा वर चढूं लागेपर्यंत तें बहुधा झाडावरच बसून असतें. अशा सेनेवर छापा घालावा तो पहाटें! शिवाय मादी वर्षाला एकच अंडें घालते. पडलेल्या वीराची जागा लवकर भरत नाहीं. गुरांना टोंचलेलें डायक्लोफिनॅक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसांतून पोटांत गेलें, आणि १९९२ ते २००७ या काळांत भारतांतील हीं गिधाडें शेंकडा ९९ हून अधिक घटलीं. २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. तरी ती तूट अद्याप भरून निघालेली नाहीं.