जागल्या एकच असेल तर चोराचे फावते
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



बियाण्याची पिशवी फोडताना आपल्या मनात एकच प्रश्न असतो : पीक शेवटपर्यंत टिकेल ना? त्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारी एक गोष्ट आज आम्ही तुमच्यापुढे ठेवतो. गोष्ट हरियाणा-राजस्थानातल्या बाजरीची आहे, पण धडा आपला आहे.

एचएचबी ६७ हा संकरित वाण १९९० साली आला. साठ-पासष्ट दिवसांत पीक हाती. पाऊस उशिरा येऊन लवकर गेला तरी पदरात दाणे पडत. लाखो एकरांवर तो पसरला आणि मग त्यावर केवडा येऊ लागला. आपल्याकडे याला गोसावीही म्हणतात. कणसाच्या जागी पानांचा झुपका येतो, दाणा भरतच नाही. १९७० च्या दशकात याच रोगाने पहिले संकरित वाण मोडीत काढले होते.

या वेळी शास्त्रज्ञांनी वाण टाकून दिला नाही, त्याचे आईबाप दुरुस्त केले. पाटणचेरूचे इक्रिसॅट आणि हिसारचे कृषी विद्यापीठ यांनी रोगाला दाद न देणाऱ्या बाजरीशी संकर केला. रोपाच्या पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून हवे ते जनुक आले की नाही, हे जनुकाशेजारच्या खुणेवरून ओळखले. रोग पडायची वाट पाहावी लागली नाही. २००५ साली सुधारित वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. यात परक्या जिवाचे जनुक घातलेले नाही. बाजरीतलेच बाजरीत आणले आहे.

ही जनुके म्हणजे गावचे जागले. चोराची खूण ओळखतात, हाक देतात. मग झाड लागण झालेल्या जागच्या पेशी स्वतःच मारते आणि रोग तिथेच कोंडला जातो. पण चोराने चाल बदलली की जागल्या फसतो. १९९८ साली युगांडात गव्हाच्या तांबेऱ्याचा असा वंश सापडला, की जगभरच्या गव्हाने ज्या एका जनुकावर भरवसा ठेवला होता तेच निकामी ठरले. अळी हा रोग नव्हे, पण कायदा तोच. बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जनुकांची २००६ साली, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपली बोंडे पोखरली. म्हणून एका वाणात वेगवेगळे जागले हवेत आणि शिवारात वेगवेगळे वाण हवेत.

आता ज्वारीकडे या. तिची सगळी जनुकीय पोथी २००९ साली वाचून झाली, बाजरीची २०१७ साली. पण रब्बी ज्वारीच्या खडखड्याचे काय? दाणा भरताना ओल तुटली की बुरशी खोडात शिरते, ताट आतून पोकळ होते आणि उभे पीक लोळते. इथे एका जनुकाने भागत नाही. दुष्काळ सोसण्याचे गुण त्यात गुंतलेले आहेत आणि अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आहे. काम चिवट आहे. शिवाय मालदांडी पेरणारा शेतकरी घरचे बी ठेवतो; त्याला दरसाल पिशवी विकता येत नाही. मग कंपनीने त्यात पैसा का घालावा? म्हणून हे काम सरकारी पैशाने, सरकारी संस्थांनीच केले पाहिजे.

आमचे मागणे तीन गोष्टींचे. एक, खडखड्या आणि खरीप ज्वारीच्या दाण्यावरची बुरशी यांवरील कामाला पैसा आणि मुदत ठरवून द्या. दोन, वाण कोणत्या रोगाला, कोणत्या जिल्ह्यातल्या चाचणीत टिकला हे पिशवीवर मराठीत छापा. तीन, चाचण्या कोरडवाहू शेतावर, आमच्या डोळ्यांदेखत घ्या.

२००१ च्या कायद्याने संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क आपल्याला दिला आहे; छापाच्या पिशवीत भरून विकता मात्र येत नाही. तो हक्क वापरा. गावात ज्याच्याकडे जुने, टिकाऊ बी आहे त्याने ते मोडू नये. उद्याचा जागल्या त्याच कणगीत असेल.