निधीच्या पाठोपाठ

अमेरिकेतील महाविद्यालयांत ग्रीक मुळाक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थिनींची मंडळे असतात. तिकडे त्यांना ‘सोरॉरिटी’ म्हणतात. आपण भगिनीमंडळ म्हणू. शिक्षण संपले तरी मंडळाचे सभासदत्व सुटत नाही; त्यामुळे वीस वर्षांची विद्यार्थिनी आणि साठ वर्षांची डॉक्टरीण एकाच मंडळाच्या भगिनी असू शकतात. समारंभ आणि मेजवान्या तेथे आहेतच. परंतु आरोग्यकार्यासाठी निधी जमविणे हेही या मंडळांचे नेमाचे व्रत आहे. कोणी खाद्यपदार्थ विकते, कोणी नृत्यगायनाचा जलसा करते. १८८८ साली बॉस्टन येथे स्थापन झालेले ‘ट्राय डेल्टा’ हे मंडळ मेम्फिसच्या सेंट ज्यूड बालरुग्णालयासाठी असाच पैसा उभा करते. १९६२ साली उघडलेले हे रुग्णालय कर्करोगासारख्या दुर्धर व्याधींवर उपचार करते आणि त्याचे बिल आईबापांकडे पाठवीत नाही.

निधी म्हटला की आम्हां सरकारी नोकरांची दृष्टी आधी जमाखर्चाकडे जाते. किती आले, किती गेले, पावत्या आहेत की नाहीत, हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु त्यांहून मोठा एक प्रश्न उरतो. जमलेला पैसा रोग्याच्या उंबरठ्यापर्यंत कसा पोचावयाचा? सेंट ज्यूड उघडण्याच्या पंचवीसएक वर्षे आधी, मेम्फिसच्या दक्षिणेस मिसिसिपी राज्यात, एका भगिनीमंडळापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.

त्या मंडळाचे नाव ‘अल्फा कॅपा अल्फा’. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी ते १९०८ साली स्थापन केले. मिसिसिपीतील कापसाच्या मळ्यांवर अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना डॉक्टरचे दर्शन दुर्मिळ होते. मंडळाने त्यांच्यासाठी पैसा उभारला, औषधे घेतली आणि १९३५ च्या उन्हाळ्यात डॉक्टर, परिचारिका व शिक्षिका यांची एक तुकडी होम्स परगण्यात पाठविली. डॉ. डोरोथी फेरेबी या तिच्या प्रमुख होत्या.

ठरल्या जागी दवाखाने मांडले. परंतु मळेवाल्यांनी आपल्या कुळांना तेथे जाऊ देण्याचे नाकारले. बाहेरून आलेल्या या सुशिक्षित स्त्रिया मजुरांना चिथावतील, असा त्यांना संशय! औषध होते, डॉक्टर होते, रोगी होते. मध्ये मालकाची मर्जी आडवी आली होती. तेव्हा या भगिनींनी दवाखानाच मोटारींत भरला आणि धुळीचे रस्ते तुडवीत त्या मळ्यांवर जाऊन पोचल्या. मुकादमांच्या पहाऱ्याखाली, झाडाच्या सावलीत, त्यांनी मुलांना देवी आणि घटसर्प यांच्या लसी टोचल्या, दात तपासले, आयांना आहार व स्वच्छता समजावून सांगितली. दर उन्हाळ्यात काही आठवडे हे काम चाले. हजारो मुलांना लस मिळाली. १९४२ नंतर, युद्धकाळात पेट्रोल व टायर यांवर नियंत्रण आले आणि मोटारी थांबल्या.

या उपक्रमाची थोरवी सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. टोचलेल्या लसीने घटसर्प टळला. पण लस घेण्यासाठी मालकाची परवानगी लागते, ही व्याधी त्या लसीने जाण्यासारखी नव्हती. वर्षातले काही आठवडे येणारा दवाखाना उरलेल्या महिन्यांतल्या तापाला पुरा पडत नाही. आपल्या कामाला लोकप्रतिनिधींच्या दारी जाण्याचीही जोड हवी, हे या मंडळाने ओळखले असले पाहिजे. कारण १९३८ साली त्याने नागरी हक्कांचा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये कायदे करणाऱ्यांपुढे मांडण्यासाठी एक स्वतंत्र व्यवस्था उभी केली. एका हाताने औषध द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने हक्क मागावयाचा, अशी ही जोडणी होती.

आपल्याकडेही महाविद्यालयांतून मदतीसाठी नाटके होतात, डबे फिरतात, तिकिटे खपतात. त्यांत हसण्यासारखे काही नाही. थेंबाथेंबानेच तळे साचते. मात्र तळे साचले म्हणजे शेत भिजले असे नव्हे; पाटही काढावा लागतो. पैसा देणाऱ्याने एकदा तरी त्या पैशाच्या पाठोपाठ चालत जावे. वाटेत कोणते दार बंद आहे ते तेव्हाच कळते. ते दार उघडणे हे पुष्कळदा शासनाचे कर्तव्य असते, आणि त्या कर्तव्याची आठवण करून देणे हाही दानधर्माचाच एक भाग होय. शासनाच्या सेवेत असूनही, किंबहुना असल्यामुळेच, मला हे सांगावेसे वाटते.