आधी सनद विचारा
(कुंभिवलीच्या बैठकीतलं बोलणं)

ताईंनो, भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतो, सातबाऱ्यावर नाव चढवायचं असतं, तेव्हा ‘मी वकील’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. काळा कोट दुकानातही मिळतो हो! सनद मात्र महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच देते. म्हणून आधी सनद क्रमांक विचारा: ‘एमएएच’, मग आकडा, शेवटी नोंदणीचं वर्ष. तो वकीलपत्रावर लिहायला सांगा. बार कौन्सिलकडे पडताळता येतो. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या कागदावर अंगठा उठवू नका. सनदेशिवाय कोर्टात वकिली केल्यास १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि पैशाचं म्हणाल, तर बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. खालापूर कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करा, नाहीतर १५१०० ला फोन लावा.