घराण्याचा वारसा आणि मनाचे दुखणे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत टावर चौक, उज्जैन येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या आनंदात दुखण्याचा विषय काढणे काहींस रुचणार नाही. परंतु आपल्या न्यासाने आजवर अनेकांच्या औषधपाण्याची काळजी वाहिली, आणि त्यांत मनाने आजारी असलेले फारच थोडे पुढे आले. असे आजारी आपल्यात नव्हते असे मुळीच नाही. घरच्यांनी त्यांना झाकून ठेवले. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे.

झाकण्याचे मोठे कारण म्हणजे लग्नकार्य. उज्जैन, इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर येथली आपली घरे सोयरिकींनी एकमेकांत गुंतलेली. एका ओटीवर निघालेला शब्द चार गावी पोहोचतो. "त्यांच्या घराण्यातच आहे हो ते," एवढे वाक्य चांगले स्थळ मोडण्यास पुरते. तेव्हा हे 'घराण्यात असणे' म्हणजे नेमके काय, ते आज पाहू.

प्रथम आजारांची ओळख. संध्याकाळी या टावर चौकाच्या गर्दीत उभ्या असलेल्या धडधाकट माणसाची छाती एकाएकी धडधडू लागते, घाम फुटतो, श्वास कोंडतो, आता प्राण जातो असे वाटते. थोड्या वेळाने सारे ओसरते. हृदयाची तपासणी करावी, ती पहिल्या वेळी केलीच पाहिजे, तर काहीच दोष सापडत नाही. असे झटके वारंवार येऊ लागतात आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीने तो माणूस चौकात येणेच सोडतो. हा भीतीचा विकार; डॉक्टर त्यास पॅनिक म्हणतात. दुसरा एखादा महिनोन् महिने कसली ना कसली काळजी करीत झुरतो, तो चिंताविकार. तिसऱ्याचे मन दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रमत नाही, झोप उडते, अन्न गोड लागत नाही, जगणे नकोसे होते. तो नैराश्याचा विकार. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपला मध्य प्रदेशही होता. देशातील प्रौढांपैकी दर वीस जणांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने गाठलेले असते, असे त्यात दिसले.

आता वारसा. त्याचे मोजमाप शास्त्रज्ञांनी जुळ्या भावंडांवरून केले. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. द्विबीज जुळ्यांचे साम्य इतर सख्ख्या भावंडांएवढेच. एकाला आजार झाला असता दुसऱ्यालाही तो किती वेळा होतो, याची दोन्ही प्रकारांत तुलना करता येते. अशा अभ्यासांचे एकत्रित आढावे 2000 आणि 2001 साली प्रसिद्ध झाले. माणसामाणसांतील फरकात जनुकांचा वाटा नैराश्याच्या बाबतीत सुमारे 37 टक्के आणि पॅनिकच्या बाबतीत सुमारे 43 टक्के निघाला. उरलेला वाटा आयुष्याच्या ऊनपावसाचा. चिंता आणि नैराश्य यांची जनुके पुष्कळशी सामाईक आहेत, असेही आढळले. म्हणूनच एका घरात आई काळजीने पोखरलेली असते आणि मुलगा खिन्नतेने.

पण 37 टक्के म्हणजे आजारी बापाच्या मुलास 37 टक्के धोका, असे समजू नये. तो हिशेब निराळा. आईबाप किंवा सख्खे भावंड नैराश्याने आजारी असेल, तर धोका साधारण दोन ते तीन पट होतो. ढोबळ मानाने, इतरत्र वीसांत एकाला होणारा आजार अशा घरांत वीसांत दोघातिघांना होतो. उरलेल्या सतरा-अठरा जणांना तो होत नाही. स्थळ मोडणारांनी हे सतरा-अठरा जण ध्यानात घ्यावेत.

एकच एक दोषी जनुक सापडेल अशी आशा एके काळी होती. 2003 साली मेंदूतील सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा फार गाजावाजा झाला. 2019 साली अशा अठरा नामांकित जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर पडताळणी झाली, तेव्हा त्यांचा विशेष संबंध दिसला नाही. 2025 साली 29 देशांतील पन्नास लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात सुमारे सातशे जनुकीय फरक आढळले, आणि त्यांतील प्रत्येकाचा परिणाम राईएवढा. असले थोडेबहुत फरक तुमच्याआमच्या सर्वांच्या अंगी आहेत. कोणते घराणे स्वच्छ आणि कोणते डागाळलेले, असा भेद यात उरत नाही. अमक्याला हा आजार होईलच, असे सांगणारी रक्ताची वा जनुकांची चाचणी आज उपलब्ध नाही.

मंगळनाथाच्या या नगरीत पत्रिका घेऊन दुरून माणसे येतात. जनुकांचीही तशीच पत्रिका मांडण्याचा मोह होतो. परंतु मधुमेह असलेल्या बापाचा मुलगा पत्रिका मांडीत बसत नाही. तो साखर तपासतो, चालायला जातो. तोच शहाणपणा येथे हवा.

आणि लपवण्याने खरी हानी होते. सासरी कळू नये म्हणून नवी सून गोळ्या एकाएकी बंद करते आणि आजार उलटतो. उदास मुलाला डॉक्टरांकडे नेताना, काका कधी काळी बेफाम उत्साहात दिवसरात्र जागत असत, पैसा उधळीत असत, हे घरचे सांगत नाहीत. ही माहिती डॉक्टरांस फार मोलाची असते. कारण तशा घराण्यातील उदासीनता द्विध्रुवी विकाराची असू शकते, आणि त्याचे औषध वेगळे. वारशाचा खरा उपयोग हाच, की डॉक्टरांपुढे तो मोकळेपणी सांगावा. थायरॉइडच्या दोषानेही मन खचते. तेही तपासून घ्यावे. औषधे आणि समुपदेशन यांनी पुष्कळांना उतार पडतो. औषध मात्र आपल्या मनाने सोडू नये. जीव द्यावासा वाटतो असे कोणी म्हटले, तर त्याला एकटे सोडू नये. 14416 या 'टेलिमानस' क्रमांकावर 2022 पासून विनामूल्य सल्ला मिळतो. 2017 च्या कायद्याने आरोग्यविम्यातही मनाच्या आजारास शरीराच्या आजाराबरोबरीचे स्थान दिले आहे.

मग आपण तरी मागे का राहावे? न्यासाच्या वैद्यकीय साहाय्याच्या अर्जात मनाच्या आजाराचा स्पष्ट उल्लेख व्हावा आणि अर्जदाराचे नाव गुप्त राहावे, एवढी विश्वस्त मंडळींस विनंती आहे. घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आम्ही इतकेच विनवितो, की आपल्या आजीला, आत्याला, काकांना काय होत असे, ते मुलांना सांगा. ती माहिती त्यांच्या हक्काची आहे.