समुद्रातील विष आणि रुग्णाचे औषध



आपण घाटावरची माणसे. गोव्याचा किंवा कारवारचा बांगडा बेळगावच्या बाजारात आला, म्हणजे आपल्याला समुद्राची आठवण होते. त्याच समुद्राने रुग्णांना औषधेही दिली आहेत. आपली संस्था रुग्णांच्या मदतीस धावते, म्हणून या महोत्सवात त्याविषयी चार शब्द बोलणे आम्हांस उचित वाटले.

प्रारंभ निपाणीच्या शिवारातून करू. किडीपासून तंबाखूच्या रोपाला पळून जाता येत नाही. म्हणून ते पानांत निकोटिन हे विष साठविते. तंबाखूचा काढा माव्यावर फवारतात, तो याच गुणासाठी. समुद्रतळाच्या खडकाला चिकटलेला स्पंज हा प्राणी खरा, पण त्याची स्थितीही या रोपासारखीच. शत्रूला दूर ठेवावयाचे तर अंगातील रसायनांचाच आधार. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तो या रसायनांचा.

बर्गमन व फीनी या संशोधकांनी कॅरिबियन भागातील एका स्पंजात सापडलेल्या विलक्षण द्रव्याची माहिती १९५१ च्या सुमारास प्रसिद्ध केली. त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत सायटाराबिन हे औषध तयार झाले, आणि १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगात रोगट पेशी भराभर वाढतात. वाढीसाठी त्यांना नवे डीएनए बांधावे लागते. या बांधकामात सायटाराबिन खोट्या विटेसारखे जाऊन बसते, आणि काम अडते. आज आपल्या देशातील रुग्णालयांतही ते वापरले जाते.

शंकूच्या आकाराच्या एका समुद्री गोगलगाईचे विष तर माशाला जागीच लुळे करते. त्या विषातील एका घटकावरून बनविलेले झिकोनोटाइड हे वेदनाशामक २००४ साली अमेरिकेत मान्य झाले. ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते, आणि त्याचे दुष्परिणामही तीव्र असतात. म्हणून अन्य उपाय थकल्यावरच ते देतात.

मग समुद्र खरवडून औषधे काढावीत काय? मुळीच नाही. जपानी संशोधकांना ६०० किलो स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन हे द्रव्य अवघे १२.५ मिलिग्रॅम मिळाले. अशाने समुद्र रिता होईल आणि औषध पुरणार नाही. म्हणून त्या द्रव्याची रचना अभ्यासून एरिब्युलिन हे औषध प्रयोगशाळेत घडविले गेले, आणि २०१० पासून ते स्तनाच्या कर्करोगावर वापरात आले. समुद्र नमुना दाखवितो. औषध माणसालाच घडवावे लागते. आपल्या शेजारी गोव्यात दोना पावल येथे असलेल्या, १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही सागरी जीवांतील उपयुक्त द्रव्यांचा अभ्यास झाला आहे.

यातून आपण घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. विषाचे औषध होते ते शुद्धी, मात्रा आणि अनेक वर्षांच्या चाचण्या यांमुळे. ‘समुद्रातले, म्हणून निर्धोक’ असे सांगून कोणी पूड वा तेल विकू लागला, तर त्यावर विसंबून रुग्णाचे मोलाचे दिवस दवडू नयेत. घरात कर्करोगाचे निदान झाले, तर हाय खाऊन बसू नये किंवा लपवूनही ठेवू नये. तत्काळ तज्ज्ञ डॉक्टर गाठावा. औषध सर्वांनाच गुण देते असे नाही, पण वेळेवर पोहोचणाऱ्याला संधी अधिक मिळते. ती संधी पैशावाचून कोणाची हुकू नये, एवढे आपण सर्वांनी मिळून पाहू या.