म्हाताऱ्या घोड्याचे दात

भरली गव्हाण पुढे असताना घोडा उपाशी राहतो, हे ऐकून नवल वाटेल. विशीतला घोडा खंगू लागला, की धनी वयाला बोल लावतो. दोष मात्र पुष्कळदा दाढांचा असतो.

तरुण घोड्याची दाढ ७ ते १० सेंटिमीटर लांब असून तिचा बहुतेक भाग जबड्यात दडलेला असतो. ती वर्षाला २ ते ३ मिलिमीटर बाहेर सरकते व चर्वणाने तितकीच झिजते. वरचा जबडा खालच्याहून रुंद. त्यामुळे वरच्या दाढांना गालाकडून आणि खालच्यांना जिभेकडून धारदार कडा येतात. त्या बोचल्या, की जनावर अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे टाकून देते. लिदीत लांब काड्या दिसतात.

अशा वेळी पशुवैद्याकडून कडा कानसून घ्याव्यात. पण बेतानेच, कारण उतारवयात दाढेचा साठा सरत आलेला असतो. गेलेली दाढ पुन्हा येत नाही. मग चारा बारीक करून, भिजवून, लापशीसारखा मऊ द्यावा. ज्याने उमेदीची वर्षे गाडी ओढली, त्याचा म्हातारपणीचा घास मऊ करणे हे धन्याचे देणेच होय.